मणक्याचं इन्फेक्शन: आधी बायोप्सी की डायरेक्ट गोळ्या?

एमआरआयच्या रिपोर्टवर 'कॉक्स स्पाइन' (मणक्याचा टीबी) नाहीतर 'स्पॉन्डिलोडिस्कायटिस' (मणका आणि त्यातल्या चकतीचं इन्फेक्शन) असं आलं की घरात दोन पक्ष पडतात, एक म्हणतो टीबीच्या गोळ्या आजच चालू करा, दुसरा म्हणतो आधी मणक्यातला तुकडा काढून तपासा, म्हणजे बायोप्सी. आमच्याकडे दोन्ही झालंय. काकांना डायरेक्ट एकेटी म्हणजे टीबीच्या गोळ्या, दोन वर्षांनी आईला आधी बायोप्सी. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द त्यांचाच.

डायरेक्टवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. आपल्याकडे मणक्याचा टीबी भरपूर, औषध सरकारी दवाखान्यात फुकट, आणि सीटी स्कॅनवर बघून बायोप्सीची सुई घालायची तर चोपड्याहून जळगाव, तिथून कोणी नाशिक सांगतं, कंबर धरलेल्या माणसाला घेऊन प्रत्येक खड्डा आपल्यालाच लागतो. आणि पायातली ताकद जायला लागली, लघवी अडकली, ताप चढून माणूस ग्लानीत गेला तर हा वादच नाही, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

काकांची केळीची बाग, घड उचलून कंबर भरली असंच सगळ्यांनी धरलं. एमआरआय झाला, एकेटी चालू झाली, पंधरा दिवसांत जरा बरं वाटलं आणि मग गाडी तिथंच अडकली. दर वेळी एकच वाक्य, "अजून एक महिना बघू." दुखणं कमी नाही, जेवण जात नाही, आणि औषध चुकलंय की वेळ लागतोय हे कोणालाच सांगता येत नाही. चार महिने असे गेले. शेवटी बायोप्सीत निघाला स्टॅफिलोकोकस ऑरियस हा वेगळाच जंतू, म्हणजे टीबी नव्हताच. एकेटीतलं रिफाम्पिसिन हे औषध त्या जंतूवरही थोडं चालतं, सुरुवातीचं बरं वाटणं त्याचंच असावं असं नंतर कळलं. सहा आठवडे अँटिबायोटिक घेऊन इन्फेक्शन गेलं, पण तोवर दोन मणके दबले होते, काका आजही वाकून चालतात.

म्हणून आईच्या वेळी मी हटूनच बसलो. पहिले ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी, कारण रक्तातच जंतू सापडला तर बऱ्याचदा सुईची गरज पडत नाही. ते कोरं आलं. आईची तब्येत स्थिर होती म्हणून डॉक्टरांनी बायोप्सीपर्यंत अँटिबायोटिक थांबवलं, त्या आठवड्यात मला झोप नव्हती. बायोप्सीच्या तुकड्यावरचा सीबीनॅटचा (टीबीचा जंतू लवकर ओळखणारी तपासणी) रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, टीबीच, आणि त्यावर रिफाम्पिसिन लागू पडतं. नातेवाईक म्हणे, तेच निघालं ना, मग उगीच सुई टोचली. पण वर्षभर गोळ्या घेताना ते "अजून एक महिना" आम्हाला ऐकावं लागलं नाही. तीन महिन्यांनी एमआरआय तसाच खराब दिसत होता, पण रक्तातला सीआरपी (सूज-इन्फेक्शन दाखवणारा आकडा) उतरलेला, आई वावरात जायला लागलेली, डॉक्टर म्हणाले चित्र मागाहून सुधारतं. आम्ही घाबरलो नाही.

बायोप्सीत कधीकधी काहीच उगवत नाही, आधी अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर जास्तच. मग परत सुई नाहीतर अंदाज. तरी माणूस स्थिर असेल तर मी तरी आधी तपासूनच घेईन.

एक मात्र सुई घालायच्या आधीच विचारा, डब्या दोन आहेत ना? काकांचा पहिला तुकडा सगळाच फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवायचं रसायन) टाकला होता, त्यात जंतू मरतात, कल्चर होत नाही, त्यांना दुसऱ्यांदा टोचावं लागलं. फॉर्मालिनची एक, आणि कल्चर-सीबीनॅटसाठी स्टराइल सलाइनची वेगळी.