‘जुल आरान्नुन्दे’: आठ महिने वापरल्यावर

टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेत तिसऱ्या पातळीला 300 पैकी 120 गुण लागतात. तेवढ्यासाठी मी व्याकरणाच्या रचना घोकल्या आणि परीक्षा झाल्यावर निम्म्या विसरलो. ‘जुल आरान्नुन्दे’ ही रचना मात्र इथे दक्षिण कोरियात, सुवॉनमध्ये, रोज तोंडात असते. ‘पिगा ओल जुल आरान्नुन्दे आन वास्सोयो’: पाऊस येईल वाटलं होतं, आला नाही. वाटलं एक, झालं भलतंच, असं सांगायचं की हीच.

सुरुवातीला फजिती झाली. ‘आरान्नुन्दे’, ‘आरास्सोयो’ ही ‘आल्दा’ची रूपं, आणि ‘आल्दा’ म्हणजे माहीत असणे, हे डोक्यात पक्कं. टीमच्या जेवणाला तासभर उशिरा पोचलो तर सहकारी म्हणाली, ‘आन ओल जुल आरास्सोयो.’ मी अर्थ लावला, ‘तुम्ही येणार नाही हे माहीतच होतं!’ आणि बॉस, मीटिंग, भुयारी रेल्वे, सगळी कारणं देत सुटलो. ती बिचारी एवढंच म्हणत होती, ‘मला वाटलं, तुम्ही येत नाही.’

गोम अशी की ‘ओल जुल आरास्सो’चे दोन्ही अर्थ बरोबर आहेत: येशील असं वाटलं होतं (आणि आला नाहीस), किंवा येणार हे ठाऊक होतं. माझ्या पुस्तकाने हे दोन ओळींत उरकलंय. इंग्रजीतून समजून घेताना आणखीच गोंधळलो. शेवटी कामी आला आपला ‘च’. ‘वाटलं होतं’ आणि ‘वाटलंच होतं’, एवढाच फरक. कोरियनमध्ये हा ‘च’ आवाजात असतो. जोर ‘आरास्सो’वर पडला की समजायचं, वाटलंच होतं.

‘जुल मोल्लास्सो’ हे जुळं भावंडही कामाचं. बुलदाक पहिल्यांदा खाल्लं तेव्हा डोळे पुसत म्हणालो, ‘इरोके मेउल जुल मोल्लास्सोयो’, इतकं तिखट असेल वाटलं नव्हतं. नागपूरच्या माणसाला हे कबूल करायला जड जातं.

तक्रारी दोन. ‘उन्जोनहाल जुल आरायो’ म्हणजे गाडी चालवता येते. तोच ‘जुल’, तोच ‘आल्दा’, पण अपेक्षेचा काही संबंध नाही. शिवाय ‘ल’नंतरचा ‘जुल’ कानावर ‘ज्जुल’ असा आदळतो, त्यामुळे महिनाभर मला तो वेगळाच शब्द वाटायचा.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो काकाओटॉक या चॅट अ‍ॅपमुळे, तिथे लिहिलेल्याला आवाज नसतो. परवा निरोप आला, ‘नुजुल जुल आरास्सो.’ उशीर होईल वाटलं होतं, की वाटलंच होतं? मी तेव्हा बसमध्येच अडकलो होतो. ‘च’ धरला आणि आधी माफी मागितली.