ऑफिसने दिलेलं मूड ट्रॅकर ॲप, ४ आठवडे वापरून

५ पैकी २ स्टार. ऑफिसने वेलनेसच्या नावाखाली फुकट दिलं म्हणून घेतलं, नाव लिहीत नाही, एचआरवाले पण रिव्ह्यू वाचतात.

काम सोपं आहे. दिवसातून तीनदा फोन वाजतो, "आत्ता तुम्ही किती आनंदी आहात?", ० ते १० ची पट्टी सरकवायची, काय करताय ते निवडायचं, झालं. जाहिराती नाहीत, बॅटरी खात नाही, हे दोन स्टार त्याचेच.

आता कटकट. पहिल्या आठवड्यात माझा ॲव्हरेज ५.८ आणि दुसऱ्यात थेट ७.१, आणि ॲप म्हणतं अभिनंदन, तुमचा आनंद २२ टक्क्यांनी वाढला. अरे कुठे वाढला? संध्याकाळचा पिंग ६:४० ला यायचा तेव्हा मी वाकडच्या ट्रॅफिकमध्ये असायचे, तो मी सेटिंगमध्ये जाऊन रात्री ९ ला केला, जेवण होऊन पाय पसरलेले असतात, एवढंच. आणि टक्के कसले काढता, ८ वाला माणूस ४ वाल्याच्या दुप्पट सुखी असतो हे कोणी ठरवलं?

रविवारचा मोठा सर्व्हे तर कहर. आधी पगार, मग होम लोन, मग ईएमआय वेळेवर जातो का, आणि हे सगळं आठवून दिल्यावर शिडी दाखवणार, सगळ्यात वरची १० वी पायरी म्हणजे तुम्हाला शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य, तुम्ही कुठे उभे? ५ च्या वर चढेन का मी! ही शिडी यांची नाही बरं का, हॅडली कँट्रिल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलेली आहे, वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्टची देशांची यादी याच एका प्रश्नावर लागते आणि त्यात फिनलंड २०१८ ते २०२५ सलग पहिला. पण शिडीच्या आधी काय विचारलं याने आकडा हलतो. अमेरिकेत गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या कंपनीच्या सर्व्हेत आधी राजकारणाचे प्रश्न घेतले तर लोक खालच्या पायरीवर उतरायचे, अँगस डीटन यांनी दाखवून दिलंय, २०१५ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच. ॲपवाल्यांनी प्रश्नांची नुसती उलटापालट केली असती तरी चाललं असतं.

सगळ्यात डोक्यात गेलं ते मराठी व्हर्जन. इंग्रजीत हॅपी आणि सॅटिस्फाइड वेगळे विचारलेत, मराठीत दोन्हीकडे "आनंदी"! फॅमिली प्लॅन होता म्हणून आईच्या फोनमध्ये पण टाकलेलं. ती गुडघ्यामुळे दिवसभर करवादलेली असते, पण समाधानी आहेस का विचारलं तर म्हणते मला काय कमी आहे. ॲपमध्ये ती ३. समाधान गेलं कुठे? हा काही शब्दांचा कीस नाही, मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि वर सांगितलेले डीटन यांनी २०१० मध्ये हेच दोन वेगळे मोजले म्हणून दिसलं की वर्षाला ७५,००० डॉलरच्या पुढे रोजचा मूड सुधारत नाही पण आयुष्याला दिलेले मार्क वाढतच राहतात. पुढे २०२१ मध्ये किलिंग्सवर्थ नावाच्या संशोधकाने असेच फोनवर पिंग पाठवून सांगितलं की नाही, मूड पण वाढत राहतो, मग २०२३ मध्ये कानेमन आणि तो एकत्र बसले आणि निघालं काय, तर ठराविक पगाराच्या पुढे मूड न वाढणं फक्त आधीच खूप दुःखी असलेल्यांच्यात. दोन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या असत्या तर हे भांडण पण झालं नसतं.

सपोर्टला मराठी शब्दांबद्दल मेल टाकून १२ दिवस झाले, उत्तर नाही.

आईचा स्कोअर मात्र परवापासून रोज १० येतोय. विचारलं तर म्हणाली, कमी टाकलं की ते डोळे मिटून श्वास घ्यायचा व्हिडिओ लावतं, तेवढ्यात माझी मालिका जाते.