‘सागवान फिनिश’ बाक घेताना होणारी फसवणूक

‘सागवान फिनिश, बिडाचे पाय, उन्हापावसाला टिकाऊ’ असं वाचून स्वस्त बाक घेतलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. पहिल्या पावसात फळ्या फुगतात आणि वर्षभरात पायांतून गंजाचे ओघळ येतात. विक्रेत्याला विचारलं की तो म्हणतो, “सागवान कुठं म्हटलं होतं? फिनिश म्हटलं होतं.” म्हणून बिलावर लाकडाचं नाव लिहूनच घ्या. नुसतं ‘हार्डवूड’ लिहिलं तर त्यात रबरवूडही (रबराच्या झाडाचं लाकूड) बसतं, आणि ते उघड्यावर बुरशीला आणि किडीला लवकर बळी पडतं.

साग खरा असला तरी फसायला जागा उरते. सागाचा टिकाऊपणा असतो गाभ्यातल्या तेलकट लाकडात. सालीलगतचं फिकट लाकूडही सागाचंच, पण ते कुजतं. गडद रंग चढवून तेच गाभ्याच्या भावात खपवतात. त्यामुळे पॉलिश न केलेली फळी मागा, निदान खालची बाजू तरी बघा. फळीचं टोकही तपासा. वरच्या रेषा टोकावरून खाली उतरलेल्या दिसल्या पाहिजेत. टोकाला पट्टी चिकटवलेली असेल, तर आत भुशाचा बोर्ड असण्याची शंका घ्या.

पायांना लोहचुंबक लावा. बिडाला तो चिकटतो, ॲल्युमिनियमला नाही. ॲल्युमिनियम वाईट नसतं, गंजत तर नाहीच. पण बीड म्हणून विकलं तर ती फसवणूकच.

सर्वांत जास्त लोक फसतात ते पाइपच्या सांगाड्यात. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे ठाऊक नसल्यानं ‘२० गेज’ भारी वाटतं. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिमी, २० गेज म्हणजे जेमतेम ०.९ मिमी. ४० बाय ४० मिमीचा चौकोनी पाइप पहिल्या जाडीत मीटरला सुमारे १.९ किलो भरतो, दुसऱ्या जाडीत १.१ किलो. सांगाडा तराजूवर ठेवला की खरं काय ते कळतं. पावडर कोटिंग (भट्टीत भाजून चढवलेला रंग) फक्त बाहेरून असतं. वेल्डिंग सलग न करता टाके मारून सोडलं, की फटीतून पाणी आत शिरतं, पायाच्या प्लास्टिक टोपीत साचतं आणि पाइप आतून गंजतो. टोपीला पाणी निचरायला भोक हवं.

स्क्रूला ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) म्हणतात आणि जस्ताचा मुलामा दिलेले साधे लोखंडी निघतात. चुंबक घट्ट चिकटला तर शंका घ्या. मुलामा उडाला की लोखंडाशी लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य मिळून फळीवर काळे डाग पडतात.

दीड मीटरच्या बाकाला मध्ये तिसरा आधार नसेल तर २५ मिमीची फळीही वाकते.

हे सगळं जोडणी करण्याआधी तपासा. भाग सुटे असतानाच पाइपची टोकं, फळ्यांची खालची बाजू आणि स्क्रू यांचे फोटो काढून ठेवा. एकदा जोडलेला बाक ‘वापरलेला’ ठरवून परत घ्यायचं नाकारतात.