सेन्सरवाला ट्रॅक्टर घ्यावा का साधा पंपवाला? माझा अनुभव

नारायणगावजवळ आमची शेती, भावाकडं ४७ एचपीचा साधा इनलाइन (मेकॅनिकल) डिझेल पंपवाला ट्रॅक्टर आणि माझ्याकडं ५५ चा सीआरडीआय, म्हणजे सेन्सर अन् कॉम्प्युटरच्या हिशेबानं डिझेल सोडणारा, होता. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वर ट्रेम फोर (ट्रॅक्टरच्या धुराचा सरकारी नियम) लागू झालं, म्हणजे मोठा नवीन घेतला की क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर (इंजिनच्या फिरण्यावर नजर ठेवणारे), ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) सगळं पदरात पडणारच. विचार करायचा तो पन्नासच्या अलीकडं-पलीकडं घोटाळणाऱ्यानं.

कामाला सीआरडीआय सरस, खोटं कशाला बोलू. रोटाव्हेटर चिकणीत घुसला की क्रँक सेन्सर आरपीएम पडतोय हे लगेच ईसीएमला कळवतो अन् डिझेल वाढतं, बाहेर आवाजसुद्धा फारसा बदलत नाही. भावाचा आधी दबतो, काळा धूर टाकतो, मग गव्हर्नर (पंपातला वेग सांभाळणारा भाग) सावरतो. डिझेल काही मी मापानं मोजलं नाही, पण माझी टाकी जरा जास्त पुरायची असं वाटतं.

आता खरं दुखणं. दोन-तीन तास चालून इंजिन तापलं की माझा मधेच गप्प. ना धूर, ना मिसिंग, काहीच नाही, स्विच काढल्यासारखा बंद. अर्ध्या तासानं थंड झाला की काही झालंच नाही असा चालू. वर्कशॉपला नेला की दवाखान्याच्या दारात ताप उतरलेल्या पोरासारखा ठणठणीत, लॅपटॉप लावला तर बिघाडाचा कोडच नाही! असं तीनदा झालं, त्यात एकदा दिवस मावळल्यावर उसाच्या कडेला, आणि आमच्या भागात बिबट्या म्हणजे पेपरातली बातमी नाही, रोजचाच आहे. शेवटी गावातल्याच फिटरनं बंद पडल्या पडल्या क्रँक सेन्सरवर तांब्यानं पाणी ओतलं, सेल्फ मारला, लगेच चालू. एका बोल्टचा पार्ट, पण सापडेपर्यंत कांदा लागवडीचा वाफसा गेला.

साधा पंप बिघडतो तेव्हा आठ दिवस आधीपासून कुरकुरतो, थंडीत सकाळी त्रासही देतो, पण डिझेल लाइनमधली एअर काढायला पाना पुरतो.

कारखान्याला ऊस ओढायचा असेल, भाड्यानं रोटाव्हेटर मारायचा असेल तर सीआरडीआय बघा, नाही म्हणत नाही, फक्त ओरिजिनल क्रँक सेन्सर एक जादा ठेवा आणि सेन्सरच्या वायरचा कपलर उंदरांपासून सांभाळा. मी मात्र गेल्या दिवाळीत एक्स्चेंज करून ४९ चा साधा घेतला. बिघाड सापडला तेव्हा दोन क्रँक सेन्सर आणलेले, एक तसाच पॅक पडलाय, मॉडेल जुळत असेल तर घेऊन जा.