मॉर्गन डॉलर, 1881 सॅन फ्रान्सिस्को: आरसा खरा निघाला
या जुन्या अमेरिकन चांदीच्या नाण्याच्या लिस्टिंगमध्ये प्रूफलाइक, म्हणजे आरशासारखं चकाकणारं, असं लिहिलं होतं तेव्हा जरा डाउटच होता, कारण पॉलिश मारलेली नाणीही लोक असंच सांगून बिनधास्त खपवतात. पण हे अस्सल निघालं राव! छापील कागदावर उभं धरलं की तीन इंचांवरूनही अक्षरं स्वच्छ उमटतात आणि नाण्यावरच्या लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचा, चेहरा मात्र पांढरट दुधाळ, घासलेल्या नाण्यावर तोही चकाकतो. टांकसाळीत साचाच घासून गुळगुळीत केला की अशी झळाळी येते, पुढे त्याच साच्याने नाणी ठोकून ठोकून ती उतरत जाते. कटकट एकच, गालावर पिशवीत नाणी एकमेकांवर घासून पडलेले ओरखडे आहेत आणि सेलरने फोटोत बरोब्बर लाइट मारून ते लपवलेत. एक स्टार त्याचाच कापला. नाणं परत करणार नाही, या सालची सॅन फ्रान्सिस्कोची नाणी ढिगाने मिळतात पण इतका खोल आरसा सगळ्यांत नसतो.