पुण्यातील ‘स्वच्छ’ची कचरासेवा : मोर्चा आणि ढकलगाडी

आमच्या इमारतीत रोज सकाळी साडेसातच्या सुमारास बेल एकदाच वाजते आणि दाराबाहेरच्या दोन बादल्या उचलल्या जातात. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची ही सेवा मी गेली बारा वर्षे घेत आहे. अभिप्राय म्हणून वेळ, वागणूक आणि शुल्क यांबद्दल चार शब्द लिहिले असते तरी चालले असते, आणि या तिन्ही बाबतींत मी पूर्ण समाधानी आहे. परंतु चळवळीतल्या माणसांमध्ये वर्षानुवर्षे चालत आलेला एक वाद या सेवेपाशी येऊन थांबतो. अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरायचे की पर्याय उभा करून दाखवायचा, संघर्ष करायचा की रचना, हा तो वाद. माझ्या मते या सेवेचे मोल त्या वादासकटच मोजले पाहिजे.

आधी प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या मावशी ओल्या कचऱ्याची बादली ढकलगाडीवरच्या मोठ्या डब्यात पालथी करतात आणि सुका कचरा जिन्याखाली पसरून बसतात. पुठ्ठा पायाने चपटा करून एका पोत्यात, काच दुसऱ्यात, पत्र्याचे डबे तिसऱ्यात. प्लास्टिक कसे ओळखता, असे मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी दुधाची पिशवी आणि वेफर्सचे पाकीट दोन्ही माझ्या कानाजवळ धरून चुरगळले. मऊ आवाज येतो त्याला भाव आहे, कडकड वाजते ते कोणी घेत नाही, असे त्या म्हणाल्या. दुधाची पिशवी धुऊन दिली तर तिचा भाव वाढतो, हे मला त्या दिवशी समजले आणि तेव्हापासून आमच्या घरात पिशव्या धुऊन वाळत घातल्या जातात. ओला कचरा पुढे फीडर पॉइंटवर, म्हणजे ठरलेल्या जमा करण्याच्या जागी, महापालिकेच्या गाडीत जातो आणि विकण्याजोग्या मालाचे पैसे मावशींचे असतात. घरामागे दरमहा जे शुल्क द्यायचे असते, ते थेट त्यांच्याच हातात पडते. ठेकेदाराच्या घंटागाडीवरचा माणूस ठेकेदाराचा पगारी असतो, इथे मात्र काम करणारी बाई स्वतः संस्थेची सभासद असते.

ही व्यवस्था कोणा अधिकाऱ्याच्या कल्पनेतून आलेली नाही. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागात काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने यांचा पुण्यातल्या कचरावेचक स्त्रियांशी संबंध आला. उकिरड्यावर हात घालण्यापेक्षा लोकांनी घरातच वेगळा केलेला कचरा या बायकांना मिळावा, म्हणून काही वस्त्यांतून त्यांना दारोदार काम मिळवून देण्यात आले. हे रचनात्मक कामच होते. पण तेच काम करायला एक खाजगी गाडीवाला पुढे सरसावला, आणि ज्या मालावर आपले पोट आहे तो हातचा जातो आहे हे दिसताच या बायका निषेधाला उभ्या राहिल्या. त्यातूनच १९९३ मध्ये असंघटित कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कामगार संघटना जन्माला आली. आधी लढा आणि मग उभारणी असा क्रम आपण सहसा गृहीत धरतो. इथे उभारणी आधी झाली आणि ती हिरावली जाऊ नये म्हणून लढा द्यावा लागला, हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो.

पंचायतीने मोर्चे काढले, धरणे धरले आणि महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळवली. ज्या बाईला पहाटे पोती घेऊन फिरताना चोर समजून हटकले जात असे, तिच्या गळ्यात ते कार्ड आले. घरोघर कचरा गोळा करण्याचे बंधन २००० च्या केंद्रीय नियमांनी नगरपालिकांवर घातले, तेव्हा हे काम ठेकेदाराला जाणार की आधीपासून करणाऱ्यांना मिळणार, असा प्रश्न उभा राहिला. पंचायतीने त्याला निवेदनाबरोबरच संस्थाही उभी करून उत्तर दिले. २००७ मध्ये ‘स्वच्छ’ सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी तिचा करार झाला. आज तिचे सभासद तीन हजारांहून अधिक आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत.

माझे एक जुने चळवळीतले स्नेही म्हणतात की करारावर सही झाली की संघटनेची जीभ बांधली जाते, कारण ज्याच्याकडून काम घ्यायचे त्याच्याविरुद्ध घोषणा कशी द्यायची? त्यांची शंका खोटी नाही. अनुदानावर चालणाऱ्या कितीतरी संस्था हळूहळू सरकारी खात्याच्या शाखेसारख्या होऊन गेलेल्या मी पाहिल्या आहेत. परंतु इथे पंचायत विसर्जित करून ‘स्वच्छ’ काढलेली नाही. करार करणारी सहकारी संस्था वेगळी आणि भांडणारी संघटना वेगळी, पण दोन्हींतली माणसे बव्हंशी तीच. बाबा आढाव यांनीच उभारलेल्या हमाल पंचायतीने, म्हणजे हमालांच्या संघटनेने, १९७४ मध्ये पुण्यात ‘कष्टाची भाकर’ सुरू करून स्वस्त जेवणाची सोय केली, तेव्हाही संघटनेचे लढे थांबले नव्हते. दोन दारे वेगळी ठेवण्याची ही पद्धत पुण्याच्या असंघटित कष्टकऱ्यांच्या चळवळीने चांगली मुरवली आहे.

सॅनिटरी नॅपकिनचा प्रश्न घ्या. वापरलेले नॅपकिन उघड्या हातांनी वेगळे करावे लागणे हा या कामातला सर्वांत अपमानास्पद भाग. त्यावर सभासद स्त्रियांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या बनवून विकायला सुरुवात केली आणि गुंडाळलेल्या पुडीवर लाल ठिपका काढा, असे घराघरांत सांगितले. दुसरीकडे २०१३ मध्ये वापरलेल्या नॅपकिनच्या पिशव्या थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवण्यात आल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांमध्ये विल्हेवाटीसाठी वेष्टन पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. नुसत्या कागदी पिशव्यांनी कंपन्यांना जाग आली असती असे मला वाटत नाही, आणि नुसत्या निषेधाने माझ्या घरातली पुडी लाल ठिपक्याची झाली नसती.

२०२० च्या अखेरीस करार संपला आणि हे काम ठेकेदारांकडे सोपवण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा पंचायत रस्त्यावर उतरली. त्या वेळी अनेक नागरिकांनीही बाजू घेतली, सह्या दिल्या, पत्रे लिहिली. मीही लिहिले. एरवी मोर्चामुळे वाहतूक अडली की कुरकुर करणाऱ्यांपैकी मी एक होतो. रोज सकाळी आपला कचरा उचलणारी बाईच फलक घेऊन उभी आहे, हे पाहिल्यावर तो मोर्चा मला परका राहिला नाही. रचनात्मक कामाने संघर्षाला साक्षीदार मिळतात, ते असे.

या व्यवस्थेत एक गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते. शुल्क घराघरांतून गोळा करायचे म्हणजे कामाची मजुरी दरमहा दाराशी उभे राहून मागायची, आणि देणाऱ्याच्या मर्जीवर राहायचे. आमच्या इमारतीच्या समितीने एकदा विनाकारण दोन महिन्यांचे पैसे अडकवून ठेवले. मावशींनी पहिल्यांदा विचारले, दुसऱ्यांदा विचारले, आणि तिसऱ्या खेपेला कोठीवरच्या, म्हणजे महापालिकेच्या सफाईकामाच्या स्थानिक ठाण्यावरच्या, तीन सहकारी बायकांना घेऊन त्या फाटकापाशी शांतपणे बसल्या. बादल्या उचलल्या नाहीत. संध्याकाळी पैसे मिळाले आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला नेहमीप्रमाणे बेल वाजली. ना आवाज चढला, ना पुढे कामात कसूर झाली.

ज्या भागात ‘स्वच्छ’चे सभासद येतात, तिथल्या प्रत्येक घराला मी ही सेवा मनापासून सुचवीन. ओला आणि सुका कचरा वेगळा द्या, दुधाच्या पिशव्या धुऊन द्या, नॅपकिन कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, फुटलेली काच पुठ्ठ्यात बांधून तसे सांगून द्या. शुल्क महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, मागायला लावण्याआधी, मावशींच्या हातात द्या.