डीपीएफवाली डिझेल गाडी, १४ महिन्यांनंतर: एक दिवा द्यायला हवा होता

तीन महिन्यांपूर्वी, घरचे सगळे गाडीत असताना, चढावर आधी डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागला आणि दहा मिनिटांत इंजिनचा. गाडी लिम्प मोडमध्ये गेली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ओढच नाही, मागून ट्रक हॉर्न मारतायत. मायलेज, पिकअप, सस्पेन्शन यांवर भरपूर लिहून झालंय, ते सगळं चांगलंच आहे. मला बोलायचंय ते इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मधल्या त्या डब्याबद्दल.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं एवढंच: फिल्टर चोक झालाय, नवा टाका, वॉरंटीत बसत नाही. आकडा ऐकून पोटात गोळा आला. मी विचारलं, आत काजळी किती आणि राख किती? काजळी जाळता येते, राख जळत नाही. राख येते मुख्यतः ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हमधून, आणि १९,००० किलोमीटरमध्ये तिनं फिल्टर भरेल हे मला पटेना. दोन दिवस वाद घातला, तेव्हा कुठे त्यांनी स्कॅनर लावून गाडी उभी असतानाच फोर्स्ड रीजनरेशन केलं, म्हणजे आतली काजळी मुद्दाम जाळली. पाऊण तासात फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक जवळजवळ नव्या गाडीइतका खाली आला. जो फिल्टर भंगारात जाणार होता, तोच आजही गाडीत आहे.

मग घोळ कुठे होता? साठलेली काजळी झटपट जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात. गावातल्या संथ वेगात डिझेलचा धूर बहुतेक वेळा त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. म्हणून इंजिन अधूनमधून उशिरानं थोडं जादा डिझेल सोडतं आणि धूर मुद्दाम तापवतं. माझी रोजची फेरी सहा किलोमीटरची. जळणं सुरू व्हायचं, तोवर मी पोचलेलो असायचो आणि गाडी बंद करायचो. असं किती वेळा झालं असेल कोण जाणे. त्यातलं न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर, आणि वास डिझेलचा. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन पळवणं म्हणजे बेअरिंगांशी खेळ.

माझा खरा राग इथे आहे. सीटबेल्टपासून टायरच्या हवेपर्यंत सगळं ही गाडी पडद्यावर सांगते. पण 'आत्ता फिल्टर साफ होतोय, दहा मिनिटं बंद करू नका' एवढं सांगत नाही. संगणकाला ते माहीत असतं, जळण तोच सुरू करतो! दिवा लागतो तो बऱ्याच खेपा फसल्यावर. एक साधा दिवा असता तर माझे ते दोन दिवस आणि एक अवेळी ऑइल चेंज वाचला असता.

इथपर्यंतचा मजकूर मी रागात लिहून ठेवला होता आणि दोनच तारे देणार होतो. त्यानंतर एका मेकॅनिकनं सुचवलं, "फिल्टर काढूनच टाकू, आतून पोकळ करून सॉफ्टवेअर बदलू, कटकट संपली." घरी येऊन पांढरा रुमाल बोटाला गुंडाळला आणि टेलपाइपच्या आतून फिरवला. १४ महिन्यांनंतरही तो जवळजवळ पांढराच निघाला. आधीच्या डिझेल गाडीत नुसतं बोट लावलं तरी काळं व्हायचं. डिझेलचा धूर माणसात कॅन्सर करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१२ मध्येच स्पष्ट म्हटलंय. चांगल्या स्थितीतला फिल्टर त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त कण अडवतो. माझ्या मुलीचं नाक जेमतेम टेलपाइपहून थोडं वर येतं. मी नाही म्हणालो.

युरियाच्या टाकीची तक्रार नाही. ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. सांडलं की पांढरे खडे होतात, लगेच धुवायचं. तिची गरज मात्र मला उशिरा कळली. ज्वलन जास्त गरम ठेवलं तर काजळी घटते आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. ईजीआरनं थोडा धूर परत आत सोडून ते थंड केलं तर उलटं होतं. एकट्या इंजिनच्या सेटिंगनं दोन्ही संपत नाहीत. म्हणून कणांना फिल्टर आणि नायट्रोजन ऑक्साइडना युरिया, अशी वाटणी.

आता मी ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा, छोटा अडॅप्टर लावलाय. मोबाइलवर काजळीची टक्केवारी आणि धुराचं तापमान दिसतं. अडॅप्टर नसेल तर उभ्या गाडीत आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर, पंख्याचा सतत आवाज, जळका वास, स्टार्ट-स्टॉप बंद, यांवर लक्ष ठेवा. ऑइल कमी राखेचंच भरा, मॅन्युअलमधला ग्रेड बघून. आणि रोजची धाव माझ्यासारखी पाच-सहा किलोमीटरची असेल तर डिझेल घेऊच नका, हे मी गाडी आवडत असूनही सांगतोय.

चार तारे. पाचवा त्या दिव्यासाठी राखून ठेवलाय. काल घराच्या कोपऱ्यावर पोचलो तेव्हा तापमान ६१० होतं आणि काजळी ५८ टक्के. गाडी न वळवता सरळ पुढे नेली, तिसऱ्या गिअरमध्ये, बारा मिनिटं. १९ टक्क्यांवर आली तेव्हा परत फिरलो.